कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर आणि उपोल काकूंची घोडी

आत-बाशी,
१९ एप्रिल

आदरणीय शारशेन दाजी,

तुमच्या धाकट्या मेव्हण्याचा, सातिबाल्दीचा, छातीवर हात ठेवून सलाम. तुमच्या घरची माणसं आणि जनावरं दोन्ही सुखरूप असतील असं धरून चालतो. (बिश्केकमध्ये पाचव्या मजल्यावर जनावर म्हणजे ताईची ती एक मांजर, पण विचारायचं ते रीतीनं विचारलेलं बरं.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? बुरुलताईचा खोकला थांबला की अजून डॉक्टरलाच औषध शिकवतेय? आमचं इकडे ठीक चाललंय. बर्फ यंदा रेंगाळलं, दोन कोकरं गेली, बाकीची अंगणात धुडगूस घालतायत. बायकोनं तुमच्यासाठी कुरुत पाठवलंय, घरच्या दह्याचे वाळवलेले खारट गोळे, ते पिशवीच्या तळाशी आहे. वर लोकरीचे मोजे आहेत ते ताईचे. ताई मोजे काढून घेईल आणि पिशवी तुमच्याकडे सरकवेल, मग हे पत्र तुम्हाला कुरुताखाली सापडेल.

आजच्या काळात कागदावर पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. दाजी, फोन केला की तुम्ही तो स्पीकरवर टाकता. मोबाइलवर काही लिहून पाठवलं तर ते आधी ताई वाचते, मग तुम्हाला वाचून दाखवते, आणि वाचताना तिला न पटलेला भाग गाळते. मागे मी तुम्हाला वाढदिवसाचं आमंत्रण पाठवलं होतं, ते तुमच्यापर्यंत 'सातिबाल्दीची तब्येत बरी आहे' एवढंच पोचलं. म्हणून हा मार्ग.

आता मूळ गोष्ट. फेब्रुवारीत वरून हुकूम आला की सगळ्या कचेऱ्यांना नवे कॉम्प्युटर मिळणार आणि जुने पंधरा दिवसांत जमा करायचे. आमच्या घोडेनोंदणी कचेरीत जुना कॉम्प्युटर एकच, तुम्ही पाहिलाय तो, दुधाळ चहाच्या रंगाचा. सुरू करताना डाव्या कुशीत थाप मारावी लागे. पण त्यात कैलासवासी म्हणा, जन्नतवासी म्हणा, आमच्या इशेनालीनं स्वतःच्या हातानं लिहिलेला घोड्यांच्या वहीचा प्रोग्रॅम होता. जुन्या कागदी वह्यांसकट सगळं त्यानं त्यात भरलं होतं. अकरा हजार चारशे घोडे-घोड्या, प्रत्येकाची आई, आजी, पणजी, रंग, भोवरे, खुरांवरच्या खुणा. चार वर्षांपूर्वी जायच्या आठवड्यापर्यंत तो माणूस त्यात शिंगरं नोंदवत होता. स्वतःच्या आजोबांचं नाव सांगताना एखादा अडखळेल, पण त्याच्या घोडीची पणजी कोण हे इशेनाली झोपेत सांगे.

नवा कॉम्प्युटर आला तो मांडीवर मावेल एवढा, चकचकीत. त्याच्याबरोबर तुमच्या राजधानीत बनवलेला पशुधनाचा नवा प्रोग्रॅमही आला. तो बनवणाऱ्याला जनावर म्हणजे गाय एवढंच ठाऊक असावं. दर जनावराच्या शिंगांची लांबी भरल्याशिवाय तो पुढचं पान उघडत नाही. मी शर्यतीच्या एका घोड्याला भीतभीत शून्य सेंटिमीटर शिंगं लिहिली, तर त्यानं 'जनावर आजारी आहे काय?' असं विचारलं. आणि इशेनालीचा प्रोग्रॅम या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर टाकायला जावं, तर ती त्याला दारातसुद्धा उभं करीना.

त्या वेळी मी तुम्हाला फोन केला, आठवतं? तुम्ही म्हणालात, 'सातिबाल्दी, घाबरतोस कशाला, नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर उभा कर, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यात जुनी ऑपरेटिंग सिस्टिम घाल. तिला कळणारसुद्धा नाही की ती दुसऱ्याच्या घरात राहतेय.' किती सोपं वाटलं ऐकताना. तुमचं सगळं आयुष्य कॉम्प्युटरमध्ये गेलं, माझं घोड्यांच्या तोंडात. (दात बघून वय ओळखणं हे माझं काम.) मला नऊ दिवस लागले. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, आतल्या कॉम्प्युटरला मेमरी किती द्यायची? पाहुण्याच्या पानात कमी वाढायची आपल्याकडे पद्धत नाही, मी सगळी दिली. पाहुणा काही जेवला नाही आणि यजमान चक्कर येऊन पडला. तिसऱ्या दिवशी माउस आतल्या खिडकीत गेला तो बाहेरच येईना. मी त्याला हलवून पाहिलं, टेबलावर आपटून पाहिलं, शेवटी वायर उपटली, तरी बाण आतच. तुम्ही नंतर सांगितलंत की उजवीकडचं एक बटण दाबलं की सुटतो. हे त्या बटणावर लिहायला काय झालं होतं?

नवव्या दिवशी निळा पडदा उजळला, जुनी सिस्टिम जागी झाली आणि इशेनालीची वही उघडली. दाजी, खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. एकच गोष्ट जपायची होती. इशेनालीचा प्रोग्रॅम २०१० च्या पुढचं कॅलेंडर दिसलं की उघडायलाच नकार देतो, म्हणून त्यानं जुन्या कॉम्प्युटरचं कॅलेंडर कायमचं २००३ सालच्या मार्चमध्ये अडकवून ठेवलं होतं. मीही आतल्या कॉम्प्युटरचं तसंच केलं. त्या काळी आमच्याकडे छपाईयंत्र नव्हतं, दाखले हातानं लिहायचे आणि तारीख पेनानं घालायची, त्यामुळे ते कधी कुणाला दिसलं नव्हतं. आता छपाईयंत्रही मिळालं, आणि ते तारीख आपली आपण छापतं. हे माझ्या ध्यानात आलं नाही. इथेच घोडं पेंड खाणार होतं.

आमचे साहेब ओमुरकुल यांना मी हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'म्हणजे घोडी गाभण आहे?' म्हटलं, तसंच समजा. तर त्यांनी वर अहवाल पाठवला की कचेरीनं स्वतःच्या हिमतीवर दुसरा कॉम्प्युटर कार्यान्वित केला आहे. नारिनच्या वरिष्ठ कचेरीतून शाबासकीचं पत्र आलं, ते काच लावून भिंतीवर टांगलं. त्यामागोमाग तपासनीस बेगिमाय बाई आल्या, दुसऱ्या कॉम्प्युटरची नोंद करायला. बाई सरळ, कामाच्या चोख, चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला पिणाऱ्या. दुसरा कॉम्प्युटर कुठं आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, या पहिल्याच्या आत. त्यांनी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, 'उघडा.'

तास गेला समजावण्यात. शेवटी बाई म्हणाल्या की कागदावर दोन आहेत म्हणजे दोन आहेत, आणि जे आहे त्याला क्रमांक चिकटवणं त्यांचं कर्तव्य आहे. त्यांनी क्रमांकाची चिठ्ठी आतल्या कॉम्प्युटरच्या खिडकीवर, म्हणजे अर्थात पडद्याच्या काचेवर, वरच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवली आणि खिडकी त्या चिठ्ठीखालून हलवायची नाही अशी लेखी ताकीद दिली. तेव्हापासून बाहेरच्या कॉम्प्युटरवर काहीही वाचायचं म्हणजे मान वाकडी करून त्या चिठ्ठीच्या आडून डोकवावं लागतं. एवढ्यावर भागलं असतं. पण नियम असा की दर कॉम्प्युटरमागे एक चालक. दुसऱ्या कॉम्प्युटरची जागा मंजूर झाली आणि त्या जागेवर साहेबांचा मेव्हणा कुबात आला. (मेव्हण्यांबद्दल मी काही बोलत नाही, मीही एक आहे.) कुबात चाळिशीचा, बारा वर्षं टॅक्सी चालवलेला, माणूस गोड. त्याची खुर्ची माझ्या खुर्चीला लावली. कॉम्प्युटर एक, माउस एक. बाण आतल्या खिडकीत असला की काम कुबातचं, बाहेर आला की माझं. सुरुवातीला मला हसू यायचं. पण तो इतका इमानदार की बाण चुकून दोन बोटं बाहेर आला तरी हात उचलून घेई आणि म्हणे, 'दादा, तुमच्या हद्दीत आलो.'

तर मार्चमध्ये उपोल काकू आल्या. तुम्हाला त्या आठवतील, ताईच्या लग्नात सगळ्यात मोठं पातेलं त्यांनीच आणलं होतं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. त्याच्या हातची शिकवलेली एकच घोडी त्यांच्यापाशी राहिली होती, काशका, कपाळावर पांढरा पट्टा, चाल अशी की पाठीवर पेला ठेवला तर हिंदकळणार नाही. उन्हाळ्यात तिचं दूध आंबवून केलेला कुमीस विकून काकूंचा वर्षाचा कोळसा निघे. घोडी गेल्या शरदात वरच्या कुरणातून नाहीशी झाली. काकू हिवाळाभर गावोगाव विचारत फिरल्या, आणि मार्चमध्ये जनावरांच्या बाजारात ती त्यांना दिसली, पलीकडच्या खोऱ्यातल्या सागिनच्या हातात, आणि पोटात शिंगरू घेऊन. सागिन म्हणाला, घोडी माझी. काकूंच्या घोडीवर मालकीचा डाग नव्हता, नवऱ्याला जनावर भाजणं आवडत नसे. कानाची चीर दाखवली तर सागिन म्हणाला, तशी चीर माझ्या निम्म्या घोड्यांना आहे. गावच्या पंचांनी पुढच्या गुरुवारी सुनावणी ठेवली. काकूंनी आमच्याकडे वहीचा दाखला मागितला. कुबातनं आतल्या कॉम्प्युटरातून छापला, साहेबांनी शिक्का मारला, मी सही केली. काय वाचून केली ते विचारू नका. कुबातनं टेबलावर ठेवला आणि मी केली.

सुनावणी संस्कृतिभवनाच्या सभागृहात. समोर तीन पंच, मधोमध जुमाश आजोबा, ऐंशी वर्षांचे, डोळ्यांनी कमी पण कानांनी तिखट. अर्धं गाव बाकांवर, काशका बाहेर खांबाला. काकूंनी दाखला ठेवला. सागिननं तो मागून घेतला, नीट वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, 'घोडी जन्मली २०१८ साली. दाखला निघाला चौदा मार्च २००३ ला. जन्मायच्या पंधरा वर्षं आधी हिचा रंग, भोवरे सगळं या कचेरीला माहीत होतं. एवढे ज्ञानी लोक असताना माझ्यासारख्या अडाण्याला कशाला बोलावलंत?'

बाकं हसली. काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्या हसणाऱ्यांकडे बघत नव्हत्या, फक्त माझ्याकडे, आणि त्यांच्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. साहेबांनी मला डोळ्यानं खुणावलं की गप्प बस, छपाईयंत्राची चूक म्हणून सांगू. दाजी, माझ्या निवृत्तीला साडेतीन वर्षं उरलीत. मी उठलो. म्हटलं, तारखेची चूक यंत्राची नाही, माझी आहे, कॅलेंडर मीच मागे ठेवलंय. आणि का ठेवलंय तेही सांगितलं, तुम्ही सांगितलेलं सगळं, पोटातला कॉम्प्युटर, दुसऱ्याचं घर, सगळं. कुणाला काही कळलं नाही. सागिनला मात्र त्याच्या कामाचं तेवढं बरोबर कळलं. तो म्हणाला, 'ज्यानं वर्ष बदललं तो घोडी बदलणार नाही कशावरून?' मनातल्या मनात मी म्हटलं, मी त्याच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं.

जुमाश आजोबा म्हणाले, ती वही इथं आणा आणि उघडून दाखवा. कुबात टॅक्सी काढून कॉम्प्युटर घेऊन आला. (चिठ्ठीला धक्का लागू नये म्हणून सीटबेल्ट लावून.) दोघं त्याच्यापुढं बसलो. बाहेरचा कॉम्प्युटर जागा झाला, मग आतला जागा होऊ लागला, हळूहळू, जसा थंडीत म्हातारा उठतो. बॅटरी अर्ध्याहून खाली. शेवटी वही उघडली. काशकाचं पान निघालं, इशेनालीच्या हातचं. मी वाचू लागलो, आणि घाबरलेला माणूस वाचतो तसं, समोर दिसेल ते सगळं, मोठ्यानं. मानेच्या केसांखाली डावीकडे भोवरा. मागच्या उजव्या खुराच्या आतल्या बाजूला पांढरा ठिपका. आई अमुक, आजी तमुक. पणजी, करडी घोडी, १९९४ साली जुमाश यांच्याकडून विकत घेतली. आणि त्याच्यापुढं एक रकाना होता, जो छापील दाखल्यावर येत नाही आणि जो मी एवढ्या वर्षांत कधी उघडून वाचला नव्हता. शेरा. मी त्याच सुरात वाचत गेलो: 'विकणाऱ्यानं वय सात सांगितलं. दात चौदा सांगतात.'

वाचून झाल्यावर मला कळलं मी काय वाचलं. माझी पाचावर धारण बसली. मान वर करायची हिंमत होईना.

जुमाश आजोबा पुढं वाकले. मग म्हणाले, 'चौदा नाही. पंधरा.'

कुणीतरी मागे फिसकन हसलं आणि त्याला कुणीतरी गप्प केलं. आजोबा म्हणाले, 'इशेनाली एका वर्षानं चुकला. हे तो आणि मी सोडून जगात कुणाला ठाऊक नव्हतं. कुणाला सांगणार नाही असा त्यानं मला शब्द दिला होता. सांगितलं नाही त्यानं. लिहून ठेवलं.' मग माझ्याकडे बोट करून सागिनला म्हणाले, 'आणि याचं तोंड पाहिलंस? आत काय आहे हे याला ठाऊकच नव्हतं. जो वही वाचतसुद्धा नाही, तो तिच्यात खोटं काय लिहिणार?'

दाजी, पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाबद्दल चारचौघांत काढलेले एवढे चांगले उद्गार मी पहिल्यांदा ऐकले.

मग सगळे बाहेर गेले. मानेचे केस वर केले, भोवरा होता. खूर उचलला, ठिपका होता. सागिननं टोपी काढली आणि सांगितलं की त्यानं ती नोव्हेंबरात एका अनोळखी माणसाकडून घेतली, कागद मागितला नाही कारण घोडीची चाल पाहून त्याला घाई झाली होती. चोर तो नव्हता, फसलेला होता, आणि फसलोय हे मान्य करण्यापेक्षा भांडणं त्याला सोपं वाटलं. पंचांनी घोडी काकूंची ठरवली. काकू रडल्या-बिडल्या नाहीत. सरळ जाऊन त्यांनी घोडीचे चारही खूर एकेक करून पाहिले, एक खडा काढून फेकला आणि तिला म्हणाल्या, 'हिवाळाभर कुठं उंडारत होतीस गं, तोंड बघ केवढंसं झालंय.' मग सागिनकडे न बघता म्हणाल्या, 'ही व्यायली की कुमीस प्यायला ये. चारा तू घातलायस.'

इथं पत्र संपवलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं की सातिबाल्दी सुधारला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत गेलो तर दारापासून पंपापर्यंत रांग. कुणालाही स्वतःच्या घोड्याचा दाखला नको होता. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या घोड्याचा शेरा ऐकायचा होता. इशेनाली तोंडानं इतका मवाळ माणूस, आणि लिहून काय काय गेलाय. 'शर्यत जिंकली, इतर दोन घोडे वाटेत थांबले होते.' 'मालक म्हणतो शांत आहे. मालकाच्या हाताला चार टाके.' 'जातिवंत, मालक सोडून.' कुबात एकेक वाचून दाखवी, लोक बाहेर जाऊन भांडत आणि भांडून झाल्यावर शिंगरू नोंदवायला परत येत. कचेरीत एवढी नोंदणी गेल्या दहा वर्षांत झाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी साहेबांच्या घोड्याचं पान मागितलं. साहेबांचा तो काळा घोडा तुम्हाला माहीत आहे, सगळ्या खोऱ्यातल्या घोड्यांना लावतात, दर घोडीमागे एक मेंढी घेऊन. कुबातनं शेरा मनात वाचला, माउस सोडून दिला आणि म्हणाला, 'दादा, हे बहुतेक तुमच्या हद्दीत येतं.' मी वाचला. 'पाच वर्षांत बासष्ट घोड्यांना लावला. शिंगरू एकही नाही. मालकाला सांगितलं. मालकानं दाखल्यावर उत्तम लिहून मागितलं.' आम्ही त्या माणसाला सांगितलं की पान उघडत नाही. पण साहेबांपर्यंत जायचं ते गेलं. दुपारी ते स्वतः आले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, वहीत टीकाटिप्पणीची गरज नाही, शेऱ्यांचा सबंध रकाना पुसून टाका, माझ्यासमोर.

पुसला, दाजी. त्यांच्यासमोर पुसला. अकरा हजार चारशे शेरे, एका झटक्यात. साहेबांनी रकाना रिकामा पाहिला, समाधानानं मान हलवली आणि जेवायला गेले. पण तुम्हीच मला शिकवलं होतं ना, काही मोठं करायच्या आधी आतल्या कॉम्प्युटरचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे बिघडलं तर फोटो काढला त्या घटकेला परत नेता येतो. मी सकाळीच काढून ठेवला होता. साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि मी आतल्या कॉम्प्युटरला सकाळमध्ये नेऊन बसवलं. सगळे शेरे जागच्या जागी. मान वळवली तर कुबात बघत होता. साहेबांचा सख्खा मेव्हणा. तो खुर्ची मागे सरकवून म्हणाला, 'मी आतल्या कॉम्प्युटरचा माणूस, दादा. आत आत्ता सकाळ आहे, आणि सकाळी काहीच झालं नव्हतं.'

असं आहे सगळं. बाकी विशेष नाही. गुडघ्याला मेंढीची चरबी चोळत जा. कुरुत एकदम खाऊ नका. मांजरीला गोंजारणे, ताईला सलाम.

तुमचा,
सातिबाल्दी

ता. क. – खरं काम लिहायचं राहूनच गेलं. मेमध्ये साहेब राजधानीच्या माणसांना बोलावून वही दाखवणार आहेत. रकाना भरलेला दिसला की माझी साडेतीन वर्षं तिथंच संपली. तुम्ही निवृत्त असलात तरी तुमच्या जुन्या संस्थेचे कोरे कागद तुमच्या कपाटात आहेत, मी पाहिलेत. त्यावर चार ओळी लिहून पाठवा की अशा प्रकारच्या यंत्रात पुसलेले शेरे काही काळानं पुन्हा उगवतात, हा त्याचा स्वभाव आहे आणि त्याला इलाज नाही. साहेब राजधानीच्या कागदावरचं काहीही मानतात. शनिवारच्या गाडीनं पाठवा.

ता. क. दुसरा – मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल की शारशेननं आयुष्यात खोटा कागद लिहिलेला नाही. ताईही नेहमी तसंच सांगते. म्हणून नाइलाजानं कळवतो की मी १९८६ ची पानं उघडली. तुमची सोयरीक ठरली तेव्हा तुम्ही आमच्या वडिलांना जो तांबडा शर्यतीचा घोडा दिलात आणि जो तिसऱ्या रात्री तबेल्यातून हरवला, त्याचं पान आहे. शेरा असा: 'घोडा वराचा नाही. सामूहिक शेतीवरून तीन दिवसांसाठी उसना. मुदतीत परत पोचला.' दाजी, त्या घोड्याला शोधत वडिलांनी आणि मी सबंध वसंत डोंगरात काढला. मी सोळा वर्षांचा होतो, पायांना फोड आले होते. तुम्हीही आमच्याबरोबर होतात, आणि सगळ्यांत मोठ्यानं हाका तुम्हीच मारत होतात. ताईला हे अजून माहीत नाही. कागदाचं बघा.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवून झालं होतं, ते फोडून हे लिहितोय. घोड्याचं पान खाली आणखी होतं, मला कुबातनं दाखवलं. 'माहिती देणार: वधू बुरुल. चोरीची तक्रार पुढं नेऊ नये आणि वडिलांना कळू देऊ नये अशी तिची विनंती. मान्य केली.' आम्ही शोधायला निघायचो तेव्हा रोज सकाळी आम्हाला पिठाचे तळलेले बोरसोक बांधून देत होती ती. तिघांनाही. म्हणजे तो घोडा खरोखर शोधत होते फक्त दोघं, वडील आणि मी, आणि वडील तर गेले. तेव्हा धमकी मागे घेतो. पत्र ताईला दाखवलंत तरी हरकत नाही. कागद मात्र शनिवारी पाठवा. नाहीतर ताईलाच लिहायला सांगा, ती जास्त चांगलं लिहील.